मुलीचे सांधे आता दुखत नाहीत, तरीही मेथोट्रेक्सेट सुरू करावे का?

लहान मुलांच्या संधिवातात आयबुप्रोफेन या वेदनाशामकाने मुलीचे दुखणे थांबले असताना डॉक्टर मेथोट्रेक्सेट हे सांध्यांचा दाह आटोक्यात ठेवणारे औषध सुचवतात, तेव्हा आईवडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु वेदना थांबणे आणि दाह थांबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सांध्यातील दाह आत तसाच धुमसत राहिला, तर कूर्चेची (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची) झीज होते आणि वाढीच्या वयात दोन्ही पायांच्या लांबीत फरकही पडू शकतो. म्हणून सूज, सकाळचा ताठरपणा आणि सांध्याची हालचाल पाहूनच निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादाच सांधा सुजला असेल, तर त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन पुरेल का, हे अवश्य विचारावे.

मेथोट्रेक्सेट कर्करोगावरही वापरतात, ही भीती समजण्याजोगी आहे. संधिवातासाठी मात्र ते बरेच कमी प्रमाणात आणि आठवड्यातून एकदाच देतात (चुकून रोज दिल्यास ते जिवावर बेतू शकते, म्हणून वार ठरवून लिहून ठेवावा). परिणाम दिसण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. मळमळ कमी व्हावी म्हणून फॉलिक ॲसिड देतात, तर यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवण्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी करतात. कोणतीही जिवंत लस (दुर्बळ केलेले जिवंत जंतू असलेली) देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

औषधाचा निर्णय काहीही होवो, नेत्रतज्ज्ञांकडील तपासणी टाळू नये, कारण या आजारात डोळ्याच्या आत होणारा दाह अनेकदा लालसरपणा किंवा वेदना न होताच दृष्टीची हानी करतो.