पेटंट नाकारलं, अपील करावं का?

प्रश्न : तासगावजवळ आमचा शेती-औषधांचा छोटा कारखाना आहे. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी दोन जुन्या बुरशीनाशकांचं मिश्रण केलं. एकेकट्या फवारणीने रोग ४० आणि ५० टक्के आटोक्यात येतो, मिश्रणाने ८५. मुंबई पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला : घटक जुने, बेरीज ९०, तुमचा आकडा त्याहून कमी. आमचे पेटंट एजंट म्हणतात, नवा अर्ज टाकू. आदेश सोबत पाठवतोय.

उत्तर : नवा अर्ज टाकू नका. पहिला अर्ज प्रसिद्ध झालाय, म्हणजे त्याच मिश्रणाला आता तुमचाच अर्ज आडवा येईल. मुंबई उच्च न्यायालयात अपील करा, आणि सुरुवात त्या बेरजेपासून करा.

बेरीज चुकली आहे. पहिल्या औषधाने ४० टक्के रोग गेला की उरतो ६०. दुसरं काम करतं ते या ६० वर, त्यातला निम्मा म्हणजे ३० घालवतं. तेव्हा अपेक्षित आकडा ७०. कोल्बी या संशोधकाने १९६७ साली मांडलेलं हे सूत्र या क्षेत्रात सर्रास वापरतात. साधी बेरीज धरली तर ६० आणि ७० टक्क्यांची दोन औषधं मिळून १३० टक्के रोग घालवतील! तुमच्याकडे ७० च्या जागी ८५ आहेत. पेटंट कायद्याचं कलम ३(ई) नाकारतं ते घटकांच्या गुणांची नुसती गोळाबेरीज असलेलं मिश्रण. हे तसं नाही.

आदेशही अपुरा आहे. आधी काय माहीत होतं, शोध काय आणि त्या माहितीवरून जाणकाराला तो सहज कसा सुचला असता, या तिन्हींची चर्चा हवी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात म्हटलंय. मुंबईवर ते बंधनकारक नाही, पण वजन आहे. तुमच्या आदेशात तिसऱ्या मुद्द्यावर एक ओळ नाही. अशा वेळी बहुधा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरविचाराला परत जातं. पेटंट लगेच हातात पडेल असं समजू नका.

तुमची खरी दुखरी जागा वेगळीच आहे. चाचणी एकाच प्रमाणाची, आणि दावा, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितलाय तो भाग, मात्र कुठल्याही प्रमाणाचा. अर्जात किती दुरुस्ती करता येते हे कलम ५९ ठरवतं; त्या चौकटीत तो आत्ताच आखडून घ्या, नाहीतर बेरीज जिंकूनही इथे अडकाल.

कलम ११७ए प्रमाणे मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिने; वाढ देणं न्यायालयाच्या हाती. वकिलाकडे जाताना सरासरीचा तक्ता पुरणार नाही, प्रत्येक प्लॉटची मूळ नोंदवही न्या.