किनाऱ्यावर व्हॅन नेताना

भाऊ, नागपूरहून व्हॅन घेऊन पहिल्यांदाच कोकणात चाललास ना, मग समृद्धीवरचा हिशोब तिथं धरू नकोस. दिवसाला पाऊणशे किलोमीटर पुष्कळ झाले. गुहागरहून सकाळी निघ, तवसाळला गाडी फेरीबोटीत चढव, जयगडला उतर. गणपतीपुळ्याला दर्शन घे आणि उन्हं कलता कलता आरे-वारेच्या चढावर पोच. उजवीकडे खाली समुद्र दिसला की गाडी नीट बाजूला घेऊन थांबच.

वाळूत मात्र चाक घालायचं नाही. ओली वाळू टणक वाटते, पण ओहोटीनंतर सहा तासांत पाणी पुन्हा चढतं. माझी व्हॅन रुतली होती. कोळी बांधवांनी चाकांखाली झावळ्या घालून काढली, तेव्हा लाटा बंपरला लागत होत्या. आणि परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धू, खारं पाणी पत्रा खातं.