जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं स्टीअरिंग जड झालंय, टायरची हवा बरोबर आहे. स्टीअरिंग बॉक्स (स्टीअरिंगच्या दांड्याखालची गिअरपेटी) बदलावा का? (बेळगाव)

बॉक्स इतक्यात बदलू नका, आधी किंगपिनना (ज्या उभ्या पिनांवर पुढची चाकं वळतात त्यांना) ग्रीस मारा. खानापूरकडच्या पावसाळ्यात चिखलपाण्याने तिथलं ग्रीस धुऊन जातं. माझ्या पद्मिनीत दर दिवाळीला हेच काम निघतं. पुढची चाकं जॅकने उचला, खाली स्टँड लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत निपलला (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडाला) ग्रीसगन मारा. गाडी चाकांवर उभी ठेवून मारलं तर दाबाखालच्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. तरी जडच? मग ड्रॉप आर्मच्या (बॉक्समधून निघणाऱ्या दांड्याच्या) चाकांकडे जाणाऱ्या लिंका सोडवून स्टीअरिंग फिरवा. हलकं फिरलं तर दोष किंगपिन किंवा लिंकांच्या जॉइंटात, नाहीतर बॉक्समध्ये. बॉक्सात ९० नंबरचं गिअर ऑइल घाला, ग्रीस नको (मेकॅनिक हमखास तेच कोंबतात). मात्र टायर मूळ मापापेक्षा रुंद असतील, तर पार्किंग करताना थोडं जड लागणारच.