वाचकांचे प्रश्न : जुनी गांडूळपेटी पुन्हा लावताना

प्रश्न : सोसायटीतील एका कुटुंबाने घर बदलताना तीन कप्प्यांची प्लॅस्टिकची गांडूळपेटी आम्हाला दिली. तळाच्या कप्प्यात कोरडे खत आहे, गांडूळ एकही दिसत नाही आणि मुंग्या मात्र पुष्कळ आहेत. पेटी धुऊन लगेच भाजीचा कचरा टाकण्यास सुरुवात करावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पेटी अवश्य धुवावी, परंतु आतले जुने खत फेकू नये आणि कचरा टाकण्याची घाईही करू नये. गांडुळे मेली तरी त्यांचे दोन-चार मिलिमीटर लांबीचे पिवळसर कोष खतात शिल्लक असू शकतात. म्हणून ते खत सावलीत पसरून मुंग्या निघून जाऊ द्याव्यात, मग एका कुंडीत भरून, पाणी शिंपडून, गोणपाटाने झाकून तीन-चार आठवडे ओलसर ठेवावे. धाग्याएवढी बारीक पिले दिसली तर उत्तमच. न दिसल्यास ते खत झाडांना घालावे.

पेटी मात्र साबण किंवा फिनाईल न वापरता नुसत्या पाण्याने घासावी आणि उन्हात वाळवावी. पूर्वीच्या मालकांनी मुंग्यांसाठी कीटकनाशक पावडर टाकली होती का, हे त्यांना आवर्जून विचारावे, कारण तिचा अंशही गांडुळांना घातक ठरतो. कप्प्यांची भोके आणि तोटी तारेने मोकळी करावीत. ती बुजली, तर तळाशी पाणी तुंबून गांडुळे गुदमरतात.

सुरुवातीला एकच कप्पा वापरावा. त्यात भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), फाडलेला पुठ्ठा आणि पंधरा-वीस दिवसांचे जुने शेण यांचा वीतभर थर द्यावा. ताजे शेण कुजताना तापते आणि त्या उष्णतेने गांडुळे मरतात. मूठभर मिश्रण दाबल्यावर पाण्याचे एक-दोन थेंबच पडावेत, इतकीच ओल पुरे. हा थर आठवडाभर तसाच राहू द्यावा आणि हात घातल्यावर तो थंड लागला, की मग खतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा जातीची अर्धा किलो गांडुळे सोडावीत. बागेतील मातीत खोल राहणारी गांडुळे पेटीत टिकत नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस काहीही घालू नये. नंतर रोज साधारण शंभर ग्रॅम बारीक चिरलेली भाजीची देठे, फळांच्या साली किंवा चहाचा चोथा थरात पुरावा आणि आधीचा कचरा संपत आला, तरच प्रमाण वाढवावे. लिंबाच्या साली, कांदा-लसूण, तेल-मिठाचे उरलेले अन्न आणि मांस-मासे वर्ज्य समजावेत.

मुंग्या पुन्हा आल्या, तर पेटी कोरडी पडली असे समजून पाणी शिंपडावे. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या असतील, तर डासांच्या भीतीने त्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासणे अनिवार्य आहे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पेटी गॅलरीच्या उन्हापासून दूर, वाऱ्याच्या जागी ठेवावी, कारण पस्तीस अंशांपलीकडे ही गांडुळे तग धरत नाहीत. तोटीतून येणाऱ्या काळसर पाण्याला अनेक जण व्हर्मिवॉश (गांडुळांपासून मिळणारे द्रवखत) म्हणतात, पण तो कचऱ्याचा निचरा असतो. तो दहापट पाण्यात मिसळून फक्त शोभेच्या झाडांच्या मातीत घालावा, पालेभाज्यांवर कधीही शिंपडू नये.