रंकाळ्याचा तोच तो सूर्यास्त

या खेपेला निसर्गाचे फोटो काढण्याबद्दल बरीच पत्रं आली, त्यातली पाच घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण तो प्रश्न वाचून मी स्वतः कॅलेंडर घेऊन बसलो.

प्रश्न : नमस्कार दादा, माझं वय ५४. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हापासून रोज संध्याकाळी रंकाळा तलावावर जाते आणि मोबाईलवर सूर्यास्ताचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो आई रोज तोच सूर्यास्त, आता पुरे की. खरंच तोच असतो का? नसेल तर माझ्या फोटोत वेगळा का दिसत नाही?
— एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : ताई, तोच नसतो. आणि याचा पुरावा आपल्या कोल्हापुरात देवळातच आहे बघा. अंबाबाईचा किरणोत्सव आपण सगळ्यांनी पाहिलाय नायतर ऐकलाय तरी. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आता वर्षातनं दोनदाच का? २१-२२ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस, तोवर सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत मावळतो आणि तिथनं परत फिरतो. १० नोव्हेंबर त्या दिवसाच्या साधारण ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी साधारण ४१ दिवस नंतर, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा सूर्य त्याच जागी मावळतो. देऊळ बांधणाऱ्यांनी हे रोज बघून बघूनच ओळखलं असणार, मला तरी दुसरं काही सुचत नाही.

तुमच्या रंकाळ्यावर पण हेच चालतं. जूनमध्ये सूर्य जिथं बुडतो आणि डिसेंबरात जिथं बुडतो त्यात आपल्याकडं जवळपास ५० अंशांचा फरक पडतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते, म्हणजे पाच मुठी! एवढा सूर्य सरकतो आणि तो फोटोत दिसत नाही कारण आपण रोज सूर्य बरोबर मधे धरतो. तो सरकला की आपणही मोबाईल सरकवतो, मग पोराला तोच वाटणार नायतर काय.

म्हणून एक करा. काठावरचा एकच कठडा ठरवा, त्याच ठिकाणी उभं राहा आणि फोटोच्या एका कडेला रोज तीच वस्तू घ्या, एखादं झाड नायतर पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस. सूर्याला जायचं तिथं जाऊ दे. फोटो रोज काढा पण ग्रुपवर टाकू नका. महिन्याला एक निवडा आणि बारा झाले की ओळीनं लावून बघा, सूर्य त्या झाडाच्या अलीकडनं पलीकडं जाऊन परत आलेला दिसेल, आणि त्याबरोबर पावसाळ्याचं गढूळ पाणी, केंदाळ म्हणजे जलपर्णी, थंडीतले वारकरी पण दिसतील (ते पाण्यावरचे काळे, पांढऱ्या चोचीचे पक्षी हो). नोव्हेंबरात एखादा सूर्यास्त ढगांमुळं हुकला तर हळहळू नका, हिशेब करून फेब्रुवारीत परत जावा. किरणोत्सवातही ढग किंवा धूळ आडवी आली की किरणं मुखापर्यंत पोचत नाहीत आणि लोकं काय करतात, पुढच्या खेपेला परत येतात.

आणि मुलाचं म्हणाल तर ग्रुपवर नको, त्याला एकट्याला पाठवा. लहानपणी तो जिथं उभा राहून भेळ खायचा तिथनं काढा आणि खाली तेवढंच लिहा. तो पुरे म्हणणार नाही असं मला वाटतं.

प्रश्न : सूर्यास्ताच्या फोटोत आभाळ पांढरंफटक येतं आणि डोळ्याला दिसलेला केशरी रंग कुठंच नसतो. मोबाईल बदलू का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नका बदलू. मोबाईल सगळ्या फोटोचा उजेड सरासरीनं धरतो, खालचा अंधार उजळायला जातो आणि आभाळ जाळून टाकतो. स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट ठेवा आणि तिथं सूर्याचं चिन्ह आलं की खाली ओढा. खालची माणसं, झाडं काळी होतील, होऊ द्यात. आणि सूर्य बुडला की लगेच घरी पळू नका, पुढची १५-२० मिनिटं बऱ्याचदा रंग तेव्हाच चढतो.

प्रश्न : सर मी बीएस्सीला आहे, गाव करवीर तालुक्यात. निसर्गाचे फोटो काढायचा लई नाद आहे. ७० हजारांचा कॅमेरा बघून ठेवलाय, वडील म्हणतात ऊसबिल आलं की घेऊ. घेऊ का?
— एक विद्यार्थी

उत्तर : भावा, यंदा नको. तुझ्या नादावर शंका नाही, पण ऊसबिलातनं आधी काय काय भागवायचं असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. ४ बाय ६ इंचाचा चांगला प्रिंट काढायला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण २ मेगापिक्सेल, तुझ्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट आहेत. पक्ष्यांसाठी मात्र फोन पुरत नाही हे खरं, तिथं लांबची लेन्स लागतेच, उडता पक्षी धरायचा तर शटर (कॅमेरा उजेड आत घ्यायला उघडा राहतो तेवढा वेळ) १/१००० सेकंदाच्या आसपास लागतं. त्यासाठी एखाद्या दिवसापुरता कॅमेरा भाड्यानं घे आणि आधी बघ तासन्‌तास दबा धरून बसणं जमतंय का.

तोवर फोन घेऊन थंडीत सकाळी सातला बांधावर जा. दवानं भिजलेलं कोळ्याचं जाळं उन्हाच्या समोरनं बघ, म्हणजे ऊन जाळ्याच्या पलीकडनं तुझ्याकडं आलं पाहिजे, मागं उसाचा गर्द हिरवा. गुऱ्हाळ चालू असेल तर तो धूर आणि त्यातनं येणारी तिरपी किरणं. आपले चित्रकार आबालाल रहिमान मुंबईत जेजे कलाशाळेत शिकले, परत आले आणि कोटीतीर्थ, रंकाळा हाच परिसर रंगवत राहिले. तुला तर बांध घरामागंच आहे. एक वर्ष त्यातले फोटो काढ, वीस प्रिंट कर, ते वडिलांना दाखव आणि मग कॅमेऱ्याचा विषय काढ.

प्रश्न : आमच्या बागेजवळ शिंजीर पक्ष्यानं घरटं केलंय. फोटो टाकला तर सगळे जागा विचारायला लागलेत. सांगू का? सौंदर्य चारचौघांत वाटून घ्यावं असं तुम्हीच म्हणता.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : सांगू नका. पूर्वी मी हीच चूक केलीय. एका घरट्याचा फोटो जागेसकट टाकला, चार दिवसांत तिथं माणसं जमायला लागली, कुणीतरी नीट दिसावं म्हणून पुढची फांदी वाकवून बांधली. सावली गेली, मादी परत आली नाही. त्या फोटोला खूप वाहवा मिळाली होती आणि तो मी आजपर्यंत परत उघडलेला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं छेडणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलंय, म्हणजे हा निव्वळ भावनेचा विषय नाही. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच पुढं जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पिल्लं उडून गेली की मग टाका फोटो, सावकाश. जागा तेव्हाही नको, पुढच्या वर्षी कदाचित परत येतील.

प्रश्न : माझे सासरे दोन वर्षं अंथरुणाला आहेत. तरुणपणी गुरं घेऊन मसाई पठारावर जायचे, पाऊस सुरू झाला की अजून तिथल्या फुलांबद्दल बोलतात. त्यांना दाखवण्यासाठी फोटो काढायला जायचंय. कधी जाऊ, कसे काढू?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : वहिनी, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, आणि ढगाळ दिवस बघून जावा. कडक उन्हात पाकळ्यांचा रंग फोटोत उडतो, ढगाखाली तो टिकतो. फुलं बोटाच्या पेराएवढी असतात, तेव्हा जांभ्याच्या उघड्या खडकावर पाय ठेवत जावा, तिथंच पालथं पडा आणि फोन उलटा धरून कॅमेरा जमिनीला टेकवा. निळी-जांभळी सीतेची आसवं दिसली तर जवळनं घ्या. त्या पातळ मातीत खायला फार काही नसतं म्हणून ते इवलंसं झाड मुळाशी बारीक किडे पकडून जगतं, हे सासऱ्यांना जरूर सांगा, गुराख्याला असलं ऐकायला आवडतं.

पण जायच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा काय बघायचंय. कदाचित फुलं नसतील, एखादं पाणवठ्याचं डबकं असेल, बसायचा दगड असेल, तिथनं दिसणारं गाव असेल. ते सांगतील तसं कागदावर लिहून न्या आणि तेच शोधा. फोटो मोबाईलवर दाखवू नका, वयस्कर डोळ्यांना तो चकाकतो. मोठे प्रिंट काढून पलंगावरनं दिसतील असे भिंतीला लावा आणि जवळ थोडा वेळ थांबा. त्यांनी त्यात काय काय ओळखलं ते मला नक्की कळवा.