हिमनदीवर विमान उतरवायची नोकरी

प्रश्न : कमर्शियल लायसन्स आहे, २५० तास झालेत. अलास्कात स्की-विमानावर (चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्की, लावलेलं विमान) नोकरी मिळेल का?

उत्तर : इतक्यात नाही. तुम्ही परदेशी असाल तर आधी अमेरिकेत कामाचा परवाना हवा, त्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. तिथे एअर टॅक्सीचा (भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या छोट्या विमानाचा) कॅप्टन व्हायला, नुसत्या व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून केलेल्या उड्डाणांसाठीही, किमान ५०० तास लागतात. त्यांत १०० क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेल्या उड्डाणांचे), आणि त्यांतले २५ रात्रीचे. टेलव्हीलचा सराव आत्ताच सुरू करा, कारण सेसना १८५, बीव्हर, ऑटर ही सगळी शेपटीला चाक असलेली विमानं. तास शक्यतो डोंगराळ भागात भरा.

खरी कसोटी बर्फाला टेकल्यावर. उतरायचं चढाकडे तोंड करून, उडायचं उताराकडे. स्कींना ब्रेक नसतात. म्हणून वर पोचताच पॉवर न सोडता विमान उताराला आडवं वळवायचं, मगच थांबायचं. ढगाळ उजेडात सावल्या नाहीशा होतात, बर्फ किती खाली आहे ते कळत नाही. तेव्हा मुकाट्यानं परत फिरावं. घर्षणानं तापलेल्या स्कींखालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि स्की चिकटतात; निघण्याआधी शेपूट धरून विमान डावी-उजवीकडे हलवून त्या सोडवाव्या लागतात.