शेजाऱ्याने मध्यस्थी करावी का?

प्रश्न : आफ्रिकेतली युद्धं मिटवायला शेजारचेच देश पुढे येतात, असं वाचतो. पण त्यांचा स्वतःचा स्वार्थ असतोच. मग ते तटस्थ कसे राहणार? – एक वाचक, सातारा

उत्तर : तटस्थ ते नसतातच. तरीही मला त्यांची गरज पटते, आणि त्याला कारण सुदान.

2005 च्या शांतता करारानंतर तिथे गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीत मी होतो, पांढऱ्या नाईलकाठच्या मलाकाल गावात. उत्तर आणि दक्षिण सुदानचं युद्ध 1983 पासून चाललेलं. ‘इगाद’ या पूर्व आफ्रिकी देशांच्या संघटनेने 1993 मध्ये मध्यस्थी हाती घेतली. त्यातला युगांडा दक्षिणेच्या बंडखोरांना मदत करत होता, तर केनियातल्या काकुमा छावणीत निर्वासितांची गर्दी होती. युद्धाची झळ घरापर्यंत येत होती, म्हणूनच ते मधेच उठून गेले नाहीत. दक्षिणेचा स्वयंनिर्णयाचा हक्क त्यांनी 1994 लाच कागदावर मांडला. तो मान्य करायला खार्तुम सरकारने, म्हणजे राजधानीतल्या उत्तरेच्या सरकारने, तीन वर्षं घेतली.

पुढे केनियाचे लेफ्टनंट जनरल लाझारो सुम्बेयवो मध्यस्थ झाले. जुलै 2002 मध्ये केनियातल्या मचाकोसला पहिला मसुदा ठरला, पण वर्षभराने नाकुरूत त्यांनी ठेवलेला मसुदा खार्तुमने फेटाळला. मग सप्टेंबर 2003 पासून नैवाशाला उपराष्ट्राध्यक्ष ताहा आणि बंडखोरांचे नेते जॉन गरांग थेट समोरासमोर बसले. त्या वेळी मध्यस्थाने मागे सरकणं, हे मला सुम्बेयवोंचं सर्वांत मोठं काम वाटतं. 2005 चा करार ज्यांना पाळायचा होता, त्यांनीच तो शब्दन् शब्द घासून काढला. मलाकालमध्ये दोन्ही सैन्यांचे अधिकारी वाद झाला की त्याच कराराची पानं उघडत, हे मी पाहिलं आहे.

तुमची शंका मात्र खोटी नाही. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा देश झाला, आणि डिसेंबर 2013 मध्ये तिथे यादवी पेटली. इगादने अदिस अबाबात बोलणी सुरू केली, आणि त्याच इगादचा सदस्य युगांडा राजधानी जुबात अध्यक्ष साल्वा कीर यांच्या बाजूने सैन्य घेऊन उतरला. विरोधकांनी अशा मध्यस्थावर विश्वास कसा ठेवायचा? 2015 चा करार वर्षभरातच, जुलै 2016 मध्ये, जुबाच्या रस्त्यांवर मोडला. युगांडाचं सैन्य जुबात असताना संघटनेतले बाकीचे देश त्याला परत बोलवू शकले नाहीत, याचा मला आजही राग येतो. त्या यादवीत मलाकाल अनेकदा एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आमच्या ओळखीचा बाजार जळाला.